पारावरचा शिमगा

योगिनी फाटकातून आत आली तेव्हा मी पोह्याच्या पापडांचं पीठ मळत होते. सकाळपासून लाइट नव्हती, पंखा बंद, अंगाची नुसती काहिली. आणि ही पोर उन्हातून धापा टाकत आली नि पडवीच्या पायरीवरच बसली.

"काकू, काका आहेत ना? निलेशला पोलिसांनी आणलंय. सकाळी पूर्णगडला जीप आली नि घेऊन गेली."

निलेश म्हणजे हिचा नवरा. पूर्णगडचा, घरची होडी असलेला, पण स्वतः लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टला. शिमगा उरकल्यावर रजा काढून गावी आलेला. ही दोघं गेल्या दिवाळीत एकदा फराळाला येऊन गेली होती, तेवढीच आमची भेट. पण त्याचं नाव आमच्या घरात रोज निघायचं, आणि त्याला कारण आमचे हे.

आमचे हे, म्हणजे चिंतामणराव, वीज मंडळातून रिटायर झाले तेव्हा मला वाटलं, आता तरी माणूस हाताशी येईल. कसलं डोंबल! उन्मेषने, आमच्या मुलाने, पुण्याहून जुना कॉम्प्युटर आणून दिला, ऑर्कुटवर 'रत्नागिरीचा पार' अशी कम्युनिटी काढून दिली, आणि हे त्या पारावर जे जाऊन बसले ते बसलेच. मुंबईचे, दुबईचे, बोटीवरचे, सगळीकडचे रत्नागिरीकर तिथे जमायचे आणि भांडायचे. भांडण एकच. पूर्णगडाजवळच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर, कोळशाचा वीजप्रकल्प येणार म्हणत होते. हे प्रकल्पाच्या बाजूचे. "जन्मभर लाइट गेली की लोकांच्या शिव्या खाल्ल्या मी," म्हणायचे, "आता वीज दारात येतेय तर येऊ दे की." निलेश कडकडीत विरोधातला.

पण ह्यांनी पारावर एक नियम घालून ठेवला होता. कोणाला उत्तर द्यायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं. तो "होय, हेच" म्हणाला, की मगच आपलं बोलायचं. आधी लोक हसले. "काका, हा पार आहे की शाळा?" पण मग लागले तसं बोलायला. निलेश तर ह्यांचं म्हणणं असं मांडायचा की हे मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावायचे. "बघ उमा, माझ्यापेक्षा बरं मांडलंन." विरोधकाचं कौतुक करताना हा माणूस जेवढा खूश व्हायचा, तेवढा माझ्या आमटीवर कधी झाला नाही.

सगळं बरं चाललं होतं. पण मग आला शिमगा, आणि ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला.

आमच्याकडे होम पेटला की त्याच्याभोवती उभं राहून फाका घालतात. फाका म्हणजे नाव घेऊन, यमक जुळवून दिलेल्या शिव्या, आणि वर बोंब. ज्याच्या नावाने घातली त्याने हसायचं, राग धरायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्याच होमाची राख एकमेकांच्या कपाळाला लावायची, की शिवी देणारा सुटला नि खाणाराही सुटला. गावच्या खोताला गड्याने फाक घातलेली मी लहानपणी ऐकली आहे, आणि सकाळी तोच गडी खोताच्या ओटीवर चहा पिताना पाहिला आहे.

"वर्षभर बिचारे तोंडं आवरून बसलेत," हे म्हणाले. "त्यांनाही होम मिळू दे." आणि ह्यांनी पारावर नवा धागा काढला, 'होम पेटलाय, फाका घाला'. शिमग्यात घरोघर फिरणारी देवीची पालखी देवळात परतली की 'होम विझला' असं लिहून धागा बंद करायचा, असं ठरवलं होतं.

पहिली फाक ह्यांनीच घातली, आपल्या लाडक्या विरोधकाला. "पूर्णगडच्या निल्याला घाला होमात, तेव्हाच लाइट येईल गावात! बोंबला रे!" मला मोठ्याने वाचून दाखवली आणि पोट धरून हसले. मीही हसले. निलेशनेही खाली हसरं तोंड काढून टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी त्याची फाक आली. "सर्व्हेच्या शेडला लावा काडी, साहेब पळतील सोडून गाडी! बोंबला रे!"

पालखी देवळात गेली. त्या दिवशी दुपारपासून लाइट नव्हती, मग माझ्या भावाकडे जेवण होतं, मग हे विसरले. धागा तसाच उघडा राहिला. आणि आठवडाभरात सड्यावरची प्रकल्पवाल्यांची सर्व्हेची शेड जळून खाक झाली. वणवा लागला की कोणी पेटवली, ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही. पण निलेशची ओळ छापून कोणीतरी पोलिसांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"एकच कागद आहे त्यांच्याकडे," योगिनी सांगत होती. "त्याच्यावर निलेशचं नाव, तारीख नि ती काडीची ओळ. दुसरं काही नाही. मला सासऱ्यांनी सांगितलं, काकांकडे जा. गुन्हा नोंदला तर कंपनी त्याला गेटातसुद्धा उभं करणार नाही, काकू."

हे आतून आले ते शर्टाची बटणं लावतच. ती पण खालीवर लागलेली. "शिमगा होता तो," हे पुटपुटले. "त्याने शिमग्यात म्हटलेलं ते. तो अख्खा धागा दाखवला पाहिजे साहेबांना."

तेवढ्यात फोन वाजला. उन्मेष. पारावर बातमी फुटली होती, आणि पुण्यात ऑफिसात बसून त्याने ती वाचली होती. फोनवर तो एवढ्या मोठ्याने बोलत होता की मला आणि योगिनीला पडवीत ऐकू येत होतं.

"बाबा, कम्युनिटी तुमच्या नावावर आहे. तो धागा तुम्ही काढलात. 'होमात घाला' हे तुम्ही पहिलं लिहिलंत. ते आत्ताच्या आत्ता उडवा."

"लाइट नाहीये."

"मग मी उडवतो. पासवर्ड आहे माझ्याकडे. एक बटण दाबायचंय."

"अरे, थांब! पोलिसांकडे नुसती त्याची ओळ आहे. बाकीचं तू पुसलंस तर तो शिमगा होता हे दाखवायचं कशावरून? त्या पोराकडे दुसरं काय आहे?"

"ते त्याचं तो बघेल. तुमचं बीपी बघा, वय बघा. आईला द्या फोन."

ह्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. खरं सांगते, 'उडव बाबा, उडव' हे शब्द अगदी माझ्या ओठांवर होते. का नको? माझा नवरा, माझं घर. दोन ओळींच्या चेष्टेपायी ह्या वयात पोलिसांच्या बाकावर बसायचं? मेला तो पार आणि मेला तो शिमगा!

मी योगिनीकडे बघितलं. 'काकू, नको' असंही ती म्हणाली नाही. माझ्या परातीतलं पीठ तिने पुढे ओढलं होतं आणि मान खाली घालून ती ते मळत होती, नुसतं मळत होती. हातांना काहीतरी हवं होतं तिच्या.

"उन्मेष," मी म्हटलं, "त्याला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे."

"आई, तुला कळत नाहीये..."

"नाही कळत. नको लावूस हात."

त्याने फोन आपटला. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. परत फोन लावला तर उचलेना. आमचंच कार्टं ते, हट्टी! आता तिकडे पुण्यात तो ते बटण दाबतोय की नाही, हे इकडे कळायला मार्ग नव्हता. कॉम्प्युटर आमच्या खोलीत काळा ठिक्कर पडलेला. बाजारात एका सायबर कॅफेला इन्व्हर्टर होता, तिथेच गाठायला हवं होतं.

निघताना मी देवघरातून होमाच्या राखेची पुडी घेतली. आमच्या आळीतल्या होमाची राख मी दरवर्षी ठेवते. कोणाला ताप आला, दृष्ट लागली, की कपाळाला बोट लावायचं. निलेशला लावीन म्हटलं, दुसरं मी काय करणार होते? पर्समध्ये टाकली आणि रिक्षात बसले. मारुती मंदिराच्या सर्कलला गाड्या अडकल्या तेव्हा हे एकदम म्हणाले, "त्याने उडवलं असेल तर?" मी म्हटलं, "गप्प बसा."

कॅफेतला तो कॉम्प्युटर! पान उघडतंय, उघडतंय, पांढरंच. योगिनी माझा दंड धरून उभी. तिची नखं रुतत होती, पण मी हात काढून घेतला नाही. मग वरून हळूहळू एक एक ओळ उतरायला लागली. 'रत्नागिरीचा पार.' आणि त्याखाली, 'होम पेटलाय, फाका घाला.'

होता! उडवला नव्हता. मी तिथेच खुर्चीत बसले, आणि माझ्या लेकाला मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले.

सगळी पानं छापून घेतली आणि पोलीस स्टेशनला गेलो. फौजदार साहेब नवे होते, घाटावरचे. मला वाटलं होतं आरडाओरडा करतील. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. अशा शांत माणसाची मला जास्त भीती वाटते. निलेश भिंतीशी बाकावर बसला होता. योगिनीला पाहून उठायला लागला, शिपायाने नुसता हात केला, तसा बसला.

ह्यांनी कागद पुढे ठेवले. शिमगा, होम, फाका, सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकलं आणि एक एक पान वाचायला घेतलं.

"म्हणजे तुम्ही प्रकल्पाच्या बाजूचे?"

"हो."

"आणि हा विरोधातला. मग तुम्ही इथे कशाला आलात?"

"तो जे बोललाच नाही, ते त्याच्या नावावर लागू नये म्हणून," हे म्हणाले. "त्याचं म्हणणं मला पाठ आहे साहेब. सांगतो. तो म्हणतो, लोट्याला मी ज्या टाक्यांवर काम करतो त्यांचा वास माझ्या अंगातून सुट्टीतसुद्धा जात नाही. पगार मिळतो, खोटं कशाला बोलू. पण तिथल्या खाडीवर जाळं टाकणाऱ्यांचं काय झालं ते मी रोज बसमधून बघतो. माझा बाप अजून होडी घेऊन जातो. उद्या गरम पाणी समुद्रात सुटलं, कोळशाची काजळी मोहोरावर बसली, तर मी बापाला काय सांगू? विजेला माझी ना नाही, पण आधी एवढ्याचं उत्तर द्या. आणि तोपर्यंत मोर्चा काढू, अर्ज करू, पण कोणी दगड उचलायचा नाही. हे त्याने वर्षभर लिहिलंय, पारावर सगळं आहे." ह्यांनी बाकाकडे पाहिलं. "बरोबर ना रे?"

निलेशने मान वर केली. "होय काका. हेच."

साहेबांनी पान उलटलं. मग त्यांनी बोट एका ओळीवर ठेवलं. "आणि हे? 'पूर्णगडच्या निल्याला घाला होमात, तेव्हाच लाइट येईल गावात.' हे तुम्ही लिहिलंय?"

त्यांनी ते सरळ वाचलं, सरकारी आवाजात, पंचनामा वाचावा तसं. घरी हसत हसत ऐकलं तेव्हा ते असं नव्हतं वाटलं. इथे, त्या टेबलावर, तो एका माणसाला जाळायचा हुकूम वाटत होता. निलेश जमिनीकडे बघत होता.

"मीच लिहिलंय," हे म्हणाले. "त्याला शेडच्या ओळीपायी धरणार असाल तर मला आधी धरा. मी तर माणूस जाळायला सांगितलंय. शिवाय होम पेटवला मी."

मी डोळे मिटून घेतले. देवा रे! सांगायचं होतं का असं, इतकं मोकळेपणी?

"गावात हे संपतं कसं?" साहेबांनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी होमाची राख लावतात कपाळाला. एकमेकांच्या. मग कोणी काही मनात ठेवायचं नाही."

"बरं." साहेबांनी पानं परत चाळली, शेवटपर्यंत. "इथे तारीख आहे, नाव आहे. शिव्याही अजून तशाच आहेत, काल रात्रीसुद्धा कोणीतरी घातली आहे. तुमच्या ह्या होमाची राख कुठे आहे?"

"ती माझ्याकडून राहिली," हे खाली बघत म्हणाले.

मला काय झालं कोण जाणे. दुपारपासून दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. मी पर्स उघडली आणि पुडी साहेबांच्या टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

"ही घ्या राख! आमच्या आळीतल्या होमाची. उशीर झालाय, मान्य आहे. पण आहे."

शिपाई तोंड फिरवून हसला. साहेब हसले नाहीत. पुडी सोडून त्यांनी बघितलं, बोटाला थोडी लावून बघितली, आणि मग निलेशला म्हणाले, "ये इकडे."

निलेश आला. ह्यांनी चिमूट घेतली, त्याच्या कपाळाला लावली. थोडी राख त्याच्या नाकावर सांडली. मग निलेशने घेतली. तो ह्यांच्यासमोर उभा राहिला आणि क्षणभर थांबला. मला ते थांबणं तेव्हा कळलं नाही. मग त्याने लावली.

"गुन्हा मी आज नोंदवत नाही," साहेब म्हणाले. "दोघांचे जबाब घेतो. बोलावीन तेव्हा दोघांनी यायचं. पार तुमचा आहे, तेव्हा जबाबाला आधी तुम्ही."

बाहेर पडेपर्यंत उन्हं कलली होती. समोरच्या टपरीवर चहा घेतला. योगिनी रडायची ती आता रडत होती, मी तिला थोपटत होते. हे एकदम हलके झाले होते. निलेशच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सुटलास लेका होमातून!"

निलेशने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"काका, आता राख लागली आहे म्हणून बोलतो. ती तुमची फाक मला लागली होती."

"म्हणजे?"

"आमच्या कंपनीतली चार पोरं आहेत पारावर. कंपनीच्या बसमध्ये चढलो की ओरडतात, 'आला होमातला निल्या.' लोड शेडिंग झालं की कँटीनमध्ये म्हणतात, 'ह्याला घाला रे, लाइट येईल.' एक दिवस नाही काका, रोज. मी रजा दोन दिवसांची काढली होती, ती वाढवली, परत जावंसं वाटेना म्हणून. आणि दुसरं कोणी लिहिलं असतं तर चाललं असतं. तुम्ही लिहिलंत."

"अरे, मग तेव्हाच बोलायचंस! तू तर हसरं तोंड टाकलंस!"

"शिमगा होता ना काका. शिमग्यात लागलं असं म्हणायचं नसतं."

ह्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. टपरीवाल्याने ग्लास मागितला तेव्हा भरलेलाच परत दिला.

घरी आलो तेव्हा लाइट आली होती. माझ्या पिठाचा दगड झाला होता. हे थेट कॉम्प्युटरसमोर बसले. मला वाटलं, आता ती ओळ पुसणार. पुसली नाही. "पुसली तर मी कधी असं बोललोच नाही असं होईल," म्हणाले. तिच्याखाली लिहायला लागले, आणि ह्या वेळी मी हाक न मारताच मागे जाऊन उभी राहिले.

"होम विझला," ह्यांनी लिहिलं. "आता निलेशचं म्हणणं माझ्या शब्दांत. तो म्हणतो, फाक ऐकली तेव्हा मी हसलो, कारण शिमग्यात लागलं म्हणायचं नसतं. पण गावात फाक राखेबरोबर जाते, इथे ती राहिली, आणि माझ्याबरोबर बसमध्ये चढली. ज्या माणसाने मला वर्षभर नीट ऐकलं, त्यानेच ती घातली, म्हणून जास्त लागली. निलेश, बरोबर आहे का?"

उत्तर लगेच येणार नव्हतं. पूर्णगडला त्याच्याकडे कुठला कॉम्प्युटर? लोट्याला परत गेल्यावर तो कॅफेत बसायचा. तोपर्यंत पारावर नुसता धुमाकूळ. ह्यांच्याच बाजूचे लोक ह्यांना म्हातारा विकला गेला म्हणाले, आणि तेव्हा तर शिमगाही नव्हता. हे कोणालाही उत्तर देईनात. लाइट आली की बसायचे, बघायचे, उठायचे. जेवणावर वासना नाही. मीच मग देवाला म्हणायला लागले, लिही रे बाबा लवकर, काय ते.

आणि एका संध्याकाळी आलं. ह्यांनी मला हाक मारली, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"होय काका. हेच," निलेशने लिहिलं होतं. "आता तुमचं बोला."

नियम ह्यांचाच. समोरचा 'होय, हेच' म्हणाला, की मग आपलं म्हणणं मांडायचं. आणि ह्या माणसाकडे म्हणणं नाही असा विषय मी तरी उभ्या जन्मात बघितला नव्हता. मग ह्यांनी एक एक अक्षर शोधत टाइप केलं.

"माझं काही म्हणणं नाही. चुकलं माझं."